एकशे त्रेचाळिसावा संदर्भ

गाळवालीने बटण दाबले आणि पडद्यावर पुन्हा तेच वाक्य आले : 'जोडणी होऊ शकली नाही. थोड्या वेळाने प्रयत्न करा.' थोड्या वेळाने म्हणजे किती, हे काही त्यात लिहिलेले नव्हते. सकाळपासून तिने सतरा वेळा थोडा वेळ देऊन पाहिला होता.

नदीच्या गाळावर तिचा प्रबंध सात वर्षे चालला होता. टेबलाखाली गाळाच्या बाटल्यांची रांग होती, म्हणून सगळा विभाग तिला गाळवाली म्हणे. घरी नवराही आता तेच म्हणू लागला होता. आज संध्याकाळी पाचपर्यंत प्रबंध कार्यालयात पोचला नाही, तर नोंदणी रद्द आणि सात वर्षे गाळात. प्रबंध तयार होता. राहिले होते फक्त शेवटचे अकरा संदर्भ.

कुणाकुणाचे लेख वापरले त्यांची नावे, साल, पाने हे सगळे सांभाळणारे एक सॉफ्टवेअर असते. इंटरनेटवरच्या लेखांच्या मोठ्या कोठाराशी ते जोडले, की लेखाची माहिती आपोआप यादीत येऊन बसते. म्हणजे, जोडले गेले तर.

तिचे मार्गदर्शक, ज्यांना सगळे नुसते 'सर' म्हणत, विभागाचे प्रमुख होते आणि ग्रंथालय समितीचे अध्यक्षही. प्रबंधावर सही त्यांनी आठवड्यापूर्वीच करून टाकली होती, न वाचता. वाचत बसले असते तर आणखी सात वर्षे गेली असती. यादीवर लक्ष ठेवता यावे म्हणून सरांचे खाते तिच्या खात्याला जोडलेले होते, म्हणजे दोघांची यादी एकच होती. सरांनी ती यादी एकदाही उघडली नव्हती. पण आज निघताना ते दारात थांबून म्हणाले होते, "संदर्भ म्हणजे प्रबंधाचा कणा. यादीत एक जरी आकडा चुकला ना, कारकून प्रबंध तोंडावर फेकतील." कारकून प्रबंध वाचत नसत हे खरे, पण आकडे जुळवत. एवढे सांगून सर सभागृहात 'वाचनाची सवय' या विषयावर भाषण द्यायला गेले आणि त्यांनी फोन बंद केला.

बारा वाजता कॉम्प्युटरवाले दादा आले. त्यांनी खुर्ची ओढली, पडद्याकडे पाहिले आणि च्यक् केले.

"काय केलंत?"

"काही नाही केलं."

"सगळे असंच म्हणतात." त्यांनी स्वतःच्या नावाने आत जाऊन पाहिले. "हे बघा. माझं चालतंय."

"दादा, तुमचं चालून माझा काय फायदा?"

"म्हणजे कोठार ठीक आहे. बिघाड तुमच्याकडे आहे."

दादांच्या नावाला मालकाची चावी होती, ती कुठल्याही दाराला लागे. पण हे त्यांच्या ध्यानात यायला पुढचे दोन तास गेले. तोवर त्यांनी तार काढून पुन्हा लावली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि शेवटी, इतर काही सुचेना म्हणून, ते सॉफ्टवेअरच उडवून नव्याने बसवले.

"आता बघा कसं नव्या नवरीसारखं चालेल."

गाळवालीने प्रबंध उघडला. दोनशे नव्वद पानांत जिथे जिथे संदर्भाचा आकडा होता, तिथे तिथे आता प्रश्नचिन्ह होते. 'गाळाचे कण पावसाळ्यानंतर जाड होतात (?)'. 'हे सर्वप्रथम सिद्ध केले (?) यांनी'. आपण सात वर्षे कशाबद्दलही खात्रीने बोललोच नाही, असे तिला वाटू लागले.

"दादा!"

"घाबरू नका. यादी वर कोठारात सुरक्षित आहे. एकदा जोडणी झाली की सगळे आकडे परत."

"आणि जोडणी?"

"होत नाहीये," दादा म्हणाले.

अकरा संदर्भांसाठी बसलेली बाई आता आणखी एकशे बेचाळीस संदर्भांसाठी बसली होती. एवढाच दादांचा हातभार.

तीन वाजता ती दादांना घेऊन ग्रंथपालबाईंकडे गेली. बाईंनी चष्मा चढवला, आपल्या कॉम्प्युटरवर एक पान उघडले आणि चटकन ते झाकायला हात पुढे केला.

"काय झालं?" गाळवाली म्हणाली.

"काही नाही. आत एक जण आहे."

"मग असू दे की."

"एका वेळी एकालाच जाता येतं आता. आधी दोघांना जाता यायचं, कालच समितीने एक जागा कमी केली. अध्यक्ष म्हणाले, दोन कशाला, एकटा मीच तर वाचतो."

दादांनी बाईंच्या खांद्यावरून वाकून पाहिले. "सर आत आहेत! नऊशे बारा तास झाले!"

"हळू बोला," बाई म्हणाल्या. "'सर्वाधिक वाचन' म्हणून गेल्या वर्षी त्यांना मानपत्र दिलंय आपण. मजकूर मीच लिहिलाय. 'ज्ञानसागरात अखंड बुडालेले' असं म्हटलंय मी त्यात."

"बुडालेले नाहीत, बाई, नुसते काठावर धोतर वाळत घातलंय," दादा म्हणाले. "'मला आतच राहू दे' अशी खूण करून ठेवलीय आणि घरचा कॉम्प्युटर चालूच. बसच्या खिडकीतून रुमाल टाकतात ना जागा धरायला, तसं."

"त्यांना बाहेर काढा," गाळवाली म्हणाली.

"काढता येतं," बाई म्हणाल्या. "विभागप्रमुखांचं पत्र लागतं."

विभागप्रमुख सभागृहात होते आणि फोन बंद होता. गाळवाली धावत तिथे गेली. दारावरच्या शिपायाने आत डोकावून सांगितले, "अजून पहिल्याच मुद्द्यावर आहेत. लोकं झोपलीत, पण दार उघडू नका असं सांगितलंय."

दादांना घेऊन आपल्या टेबलाशी परत येईपर्यंत चार वाजले. तिने सरांच्या घरी फोन लावला. काकूंनी उचलला.

"काकू, सरांचा कॉम्प्युटर जरा बंद करता का?"

"अगं, त्याला हात लावायचा नाही असा हुकूम आहे. तीन वर्षं मी त्यावरची धूळसुद्धा झटकली नाही. वर रुमाल टाकून ठेवलाय त्यांनी."

"रुमाल?"

"रुमाल. निळ्या काठाचा."

गाळवालीने दादांकडे पाहिले. दादांनी दोन्ही हात जोडून छताकडे पाहिले.

"काकू, माझी सात वर्षं त्या रुमालाखाली आहेत. पाचला दार बंद होईल."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाल्या, "थांब, चष्मा आणते." मग, "उचलला गं रुमाल. बाई बाई, केवढं लिहिलंय इथे. हेच वाचतात का ते?"

"तेच वाचत नाहीत. काकू, उजव्या कोपऱ्यात वर 'बाहेर पडा' दिसतंय?"

"दिसतंय. इथे 'काय शोधायचंय' असंही विचारतंय."

"काही शोधायचं नाहीये!"

"तुला नसेल. मला तीन वर्षांत या घरात पहिल्यांदा कुणीतरी विचारतंय." कळांवर एका बोटाचे टक टक ऐकू येऊ लागले. "घो... र... णे. अगं! कितीतरी आलं! 'पतीचे घोरणे आणि पत्नीची झोप : बारा वर्षांचा अभ्यास.' बारा वर्षं! आणि मला म्हणतात, तुला भास होतात."

"काकू, चार वाजून वीस झाले."

"हो गं हो. हे अधिकचं चिन्ह कशाचं? दाबू?"

"नको!"

"दाबलं. 'यादीत घेतले' म्हणतंय. चांगलं आहे हो, अगदी नम्र आहे. आता पडते बाहेर."

गाळवालीच्या पडद्यावर हिरवा ठिपका उमटला. एकामागून एक प्रश्नचिन्हे मावळली, आकडे जागेवर येऊन बसले. ते अकरा लेखही तिने भराभर ओढून घेतले. छपाई सुरू झाली. कागद गरम असतानाच ती कार्यालयाकडे पळाली. कारकुनांनी जिभेला बोट लावत आकडे जुळवले, एक ते एकशे चोपन्न. एकशे त्रेपन्न असायला हवे होते, पण ते मोजायला तिला उसंत नव्हती. पाचला चार मिनिटे कमी असताना शिक्का पडला.

दोन महिन्यांनी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक जाड भिंगाचे, मोजके बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी शेवटापासून वाचायला सुरुवात केली होती. अशी माणसे फार धोकादायक असतात.

"संदर्भ क्रमांक एकशे त्रेचाळीस," ते म्हणाले. "'पतीचे घोरणे आणि पत्नीची झोप.' याचा गाळाशी काय संबंध?"

गाळवालीच्या पायाखालचा गाळ सरकला. तिने तोंड उघडण्याआधीच सर पुढे सरसावले. ज्ञानसागरात अखंड बुडालेल्या माणसाला आपण न वाचलेला लेख जगात आहे हे कबूल करता येत नाही.

"फार महत्त्वाचा लेख आहे तो. कंपनं! एका लयीत सतत कंपनं येत राहिली, की बसलेले थर सुटतात. मीच तिला वाचायला सांगितला."

"तुम्ही वाचलाय?"

"अर्थात."

"मग निष्कर्ष काय निघाला?"

सरांनी घाम पुसायला खिशात हात घातला. रुमाल नव्हता. त्यांनी दुसरा खिसा पाहिला. शेवटी त्यांनी गाळवालीकडे पाहिले, सात वर्षांत पहिल्यांदाच, विद्यार्थ्याने मास्तरांकडे पाहावे तसे.

लेख तिने काकूंच्या आग्रहाखातर नंतर वाचला होता. ती म्हणाली, "बारा वर्षं पती ऐकत नाही, सर. म्हणून पत्नीला वेगळी खोली द्यावी, असा निष्कर्ष आहे."

परीक्षकांनी भिंगे काढली, पुसली आणि पुन्हा चढवली. "बाकी प्रबंध उत्तम आहे," ते म्हणाले. "हा लेख मात्र मला पाठवा. मी घरी पुरावा मागत बसलोय गेली कित्येक वर्षं."

गाळवाली उत्तीर्ण झाली. टेबलाखालच्या बाटल्या तिने नदीत रिकाम्या केल्या.

यंदाही 'सर्वाधिक वाचन' सरांच्याच खात्याला मिळाले, तेही चारशे सहा लेख उघडून. मानपत्र सरांनी घेतले आणि घरी गेल्यावर मुकाट्याने काकूंच्या हातात दिले. काकू आता गुडघेदुखीवर आल्या आहेत. कोठारात जागा अजून एकच आहे आणि सरांना काही बघायचे असले, तर ते आधी घरी फोन करून विचारतात, "झालं का तुझं?"

"दहा मिनिटं," काकू म्हणतात आणि फोन बंद करतात.