उठून चाललेले पाहुणे

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही विरारच्या फुलपाड्यात राहता, नववीत आहात, शाळेबाहेर फ्रेंचचा क्लास करता, मोबाइलवर स्पॅनिश आणि जपानीही गिरवता. आणि घरी वडील विचारतात, "एवढ्या भाषा शिकून करणार काय? तीन भाषांत उपाशी राहणार?"

उन्नतीच्या घरी रोज हेच चालायचं.

"बाबा, दुभाषी होता येतं, टूर गाइड होता येतं, सिनेमांचं भाषांतर करता येतं, वकिलातीत..."

"वकिलात राहू दे. उद्यापासून फ्रेंच बंद, गणिताचा क्लास सुरू!" जितेंद्ररावांनी निकाल देऊन टाकला.

तेवढ्यात भुईगावहून त्यांचे मित्र काशीरामकाका यांचा फोन आला. काकांनी वाडीत पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. पहिलंच परदेशी गिऱ्हाईक, फ्रान्सचं एक जोडपं, जेवायला येणार होतं. आवडलं तर आठवडाभर राहणार होतं. आणि ठरवलेला दुभाषी तापाने आडवा!

"जितू, तुजी पोर घेऊन ये रं!"

"बाबा, आज जमलं तर क्लास चालू," उन्नती म्हणाली.

"आणि फजिती झाली तर गणित."

वाटेत उन्नतीने मनाशी पक्कं केलं, भाषांतरात काडीची भेसळ करायची नाही. जे बोलतील ते, जसंच्या तसं.

पाहुणे आले. काकांनी हात जोडले. "या, या. आमची वाडी म्हंजे काय, चार केळी नि दोन नारळ. बगन्यासारखं काय पन नाय."

त्यांच्या मागे केळीची बाग नजर पोहोचेल तिथवर डुलत होती. उन्नतीने शब्दाला शब्द फ्रेंच केलं. साहेबांनी कॅमेरा पुन्हा पिशवीत ठेवला.

काकांच्या पत्नी धोंडूबाई पहाटेपासून चुलीपुढे होत्या. केळफुलाची भाजी, वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या, वर वसईची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली गोड केळी. पान मांडून त्या म्हणाल्या, "गरिबाघरचं जेवन. घशाखाली उतरंल का नाय, देव जाने!"

उन्नतीने तेही इमानाने सांगितलं. मॅडम पानाकडे औषधाकडे बघावं तसं बघू लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "उगीच त्रास नको. आम्ही हॉटेलात जेवू."

हे मराठीत ऐकताच धोंडूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "हॉटेलात? मंग मी कुनासाठी रांदलं?"

"जायचं तर जाऊ दे!" काका तडकले. "आमी काय कुनाला बांदून ठेवलंय?"

"हेही सांगू?" उन्नतीने विचारलं.

"सांग की!"

तिने सांगितलं. पाहुणे उठले आणि चपला शोधू लागले. जितेंद्रराव आभाळाकडे बघत म्हणाले, "गणिताचा क्लास सहाला असतो."

उन्नतीने सगळं बोलणं मनात पुन्हा तपासलं. एकही शब्द चुकला नव्हता, मग बिघडलं कुठे? तिला आई आठवली. पुरणपोळीला कुणी छान म्हटलं की आई म्हणायची, "कसली, आज जमलीच नाही." म्हणून कधी कुणी पानावरून उठलं नव्हतं!

ती धावत जाऊन पाहुण्यांच्या वाटेत उभी राहिली. "थांबा! आमच्याकडे वस्तू जितकी चांगली, तितकी तिला नावं ठेवतात. काका म्हणाले, या किनाऱ्यावर अशी वाडी दुसरी नाही. आणि काकू म्हणाल्या, तुम्ही बोटं चाटत राहाल."

पाहुणे थबकले. मग खो खो हसत परत पानावर बसले. मॅडमनी सुकेळ्याचा घास घेतला आणि डोळेच मिटले. चौथी भाकरी संपवून साहेब गंभीरपणे धोंडूबाईंना म्हणाले, "जेवण अगदी टाकाऊ! आता आठवडाभर सोसावं लागणार!"

"काय म्हनतो गं?"

"म्हणतात, असं जेवण जन्मात जेवलो नाही. आठवडाभर राहणार आहेत."

धोंडूबाईंनी लगेच पाचवी भाकरी वाढली.

बापलेक घरी निघाले तेव्हा मॅडम जितेंद्ररावांना म्हणाल्या, "तुमची मुलगी म्हणजे रत्न आहे! हिला जगात कुठेही काम मिळेल." उन्नतीने लाजत ते मराठीत सांगितलं.

जितेंद्ररावांची छाती फुगली. पण रीत ती रीत. "छे हो, कसलं रत्न! उगाच चार शब्द बडबडते. सांग त्यांना."

उन्नती पाहुण्यांकडे वळली आणि स्वच्छ फ्रेंचमध्ये म्हणाली, "बाबा म्हणतात, त्यांना माझा फार अभिमान वाटतो, आणि सोमवारपासून ते मला जर्मनच्याही क्लासला घालणार आहेत."