वरचेच वापरा

नव्या लॅपटॉपवर घरातल्या तिघांचे ईमेल बसवायचं काम जावईबापूंच्या गळ्यात पडलं. घर खरं तर त्यांचंच. पण सासरे राहायला आल्यापासून अख्खी गल्ली त्यांना जावईबापूच म्हणायला लागली होती.

खाती तीन: सासऱ्यांचं, बायकोच्या शिवणक्लासचं आणि स्वतःचं. येणाऱ्या मेलचं बिनबोभाट जमलं. जाणाऱ्या मेलसाठी मात्र प्रत्येक खात्याची माहिती पुन्हा वेगळी भरायची होती. सासऱ्यांचं भरता भरताच जावईबापू मेटाकुटीला आले. तेवढ्यात खाली एक चौकोन दिसला: 'बाकीच्या खात्यांसाठी वरचेच वापरा.' त्यांनी हायसं वाटून त्यावर टिक केली.

झालं! त्या क्षणापासून घरातून जाणारा प्रत्येक मेल सासऱ्यांच्या नावाने जाऊ लागला आणि त्याखाली आपोआप येणारी त्यांची कायमची ओळ: 'तातडीने दखल न घेतल्यास वरिष्ठांकडे जावे लागेल, याची नोंद घ्यावी.' सासरे निवृत्त तपासनीस. गल्लीतला दिवा, नळाचं पाणी, शेजाऱ्यांचं कुत्रं, तक्रारीला विषय कमी नव्हते. उत्तर मात्र आजवर एकाही तक्रारीला आलं नव्हतं.

पहिलाच मेल गेला तो जावईबापूंच्या रजेचा. चार दिवस डोंगरात जायचं, नवरा-बायको, दोघंच. एरवी प्रत्येक सहलीत मधल्या सीटवर सासरे असत. माणूस देवासारखा, पण देवसुद्धा चोवीस तास समोर बसत नाही. तोंडी रजा मागितली की गोदामाचे साहेब तोंडावरच नाही म्हणत, म्हणून हा लेखी घाट. बायकोने बजावलंच होतं, "या वेळी रजा नाही मिळाली ना, तर मी एकटी जाईन. बसा तुम्ही आणि बाबा!"

संध्याकाळी सासरे ओरडतच खोलीबाहेर आले. "जावईबापू! उत्तर आलं! मला उत्तर आलं!"

उत्तर साहेबांचं होतं. 'कृपया गैरसमज नसावा. रजा अडवण्याचा हेतू नाही. विचार करून कळवतो.'

जावईबापूंच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. "अहो बाबा, ते माझ्या रजेचं..."

"रजा कुणाची का असेना! विचार करून कळवतो म्हणजे काय? टोलवाटोलवी! लिहिलंय मी त्याला."

"लिहिलंय? काय लिहिलंय?"

"कधी कळवणार, ते लेखी द्या. आणि आजवर किती जणांची रजा अडवली, त्याचा तपशीलही द्या."

बायको शिलाई मशीनवरून उठून आली आणि सगळं ऐकून हसतच सुटली.

"हसतेस काय! नोकरी जाईल माझी!" म्हणत जावईबापूंनी लॅपटॉप ओढला आणि घाईघाईने साहेबांना माफीचा मेल धाडला. गडबडीत ती टिक काढायची राहिलीच. साहेबांना तो मिळाला तो असा: 'चूक माझीच आहे. मोठ्या मनाने माफ करावे. तातडीने दखल न घेतल्यास वरिष्ठांकडे जावे लागेल, याची नोंद घ्यावी.'

दुसऱ्या दिवशी साहेबांनी जावईबापूंना केबिनमध्ये बोलावलं, बसायला खुर्ची दिली. असं कधी झालं नव्हतं.

"हे गृहस्थ तुमचे कोण?"

"सासरे. आमच्याकडेच असतात. साहेब, ते सेटिंग जरा..."

"सेटिंग राहू द्या. रात्रभर मेल येतायत. गोदामाच्या छपरापासून माझ्या गाडीच्या पार्किंगपर्यंत काही सोडलं नाही त्यांनी." साहेबांनी कपाळ चोळलं. "रजा घ्या. चार दिवस कशाला, आठवडाभर घ्या. फक्त माझं एक काम करा."

"सांगा ना, साहेब."

"त्यांना बरोबर न्या."

जावईबापू पाय ओढत घरी आले. सासरे नवा शर्ट घालून, बॅग भरून दारातच बसले होते.

"तुमच्या साहेबांचा मेल आला होता. म्हणाले, डोंगरात जाऊन या, हवा छान आहे. एवढी वर्षं लिहितोय, जावईबापू. दखल घेणारा पहिलाच माणूस भेटला हो!"

जावईबापूंनी बायकोकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच दटावलं, आता नाही म्हणायचं नाही. त्यांनाही ते जमलं नसतंच. त्यांनी बॅग उचलली. भलतीच जड लागली.

"काय भरलंय हो बाबा यात?"

"लॅपटॉप," सासरे उत्साहाने म्हणाले. "तिकडचे रस्ते कसे असतील, कुणास ठाऊक!"