देह पडला, वर्ग चालू

"आज विषय मृत्यूचा आहे डॉक्टर, तेव्हा उशीर नको," डॉक्टरांच्या वेदान्तवर्गातले चष्मेवाले फोनवर म्हणाले, त्या वेळी डॉक्टर स्वयंपाकघरात स्टुलावर उभे राहून बायकोसाठी वरच्या फळीवरचा डबा काढत होते.

डॉक्टर दातांचे. उभा जन्म लोकांच्या दाढा उपटताना "काही होत नाही, काही होत नाही" म्हणण्यात गेला. निवृत्तीनंतर तेच वाक्य त्यांनी वेदान्ताला जोडलं आणि वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी वर्ग सुरू केला. देह म्हणजे मी नव्हे, हे ते इतकं ठासून सांगत, की ऐकणाऱ्यांना आपले गुडघे दुखतात याची लाज वाटे.

"निघालोच!" एका हातात फोन, दुसऱ्या हातात डबा. "अहो, मृत्यू म्हणजे काय? मडकं फुटलं तर आतल्या आकाशाला काय होतंय..."

तेवढ्यात स्टूल कलंडलं.

"आई गं! मेलो! मेलो!"

डॉक्टर फरशीवर, डबा मिक्सरवर आणि मिक्सर डॉक्टरांच्या पायाच्या अंगठ्यावर. बायको धावत आली. नवरा धडधाकट बोंबलतोय हे बघून तिनं मिक्सरकडे पाहिलं आणि त्याचे तुकडे पोटाशी धरले.

"गेला! इतक्या वर्षांची साथ हो! आता कसला परत येतोय!"

हातातून उडून बादलीच्या काठावर अडकलेल्या फोननं एवढं इमानेइतबारे पलीकडे पोचवलं आणि मग तो पाण्यात पडला. चष्मेवाल्यांना तो 'गेला' जरा खटकला. पण दुःखात बाईमाणसाला अहो-जाहो सुचत नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. उलट फोन करून पाहिला, तर तो बंद.

इकडे अंगठा वांग्यासारखा झाला.

"देह म्हणजे तुम्ही नव्हे ना?" बायकोनं विचारलं. "मग बर्फ लावू कुणाला?"

"आधी लाव, मग विचार!"

लंगडत, कठड्याला धरत डॉक्टर वाचनालयाच्या पायऱ्या चढले. फोन मध्येच तुटला होता. मंडळी काळजीत असतील, या विचारानं त्यांना जरा बरंही वाटत होतं. दाराशी आले, तर आतून चष्मेवाल्यांचा आवाज.

"तर मंडळी, सांगायचं म्हणजे, डॉक्टरांचा देह आज पडला."

डॉक्टर दचकले. आत जाणार होते, पण थबकले. आपल्यामागे लोक काय बोलतात, हे ऐकायची संधी कोण सोडतो? ते दाराआड उभे राहून पहिल्या हुंदक्याची वाट पाहू लागले.

"मग वर्गाची वेळ अर्धा तास पुढे घ्यायला हरकत नाही ना?" हे निवृत्त न्यायाधीश. "ते असताना बोलायची सोय नव्हती."

"घरी जाऊन यायचं का कुणी?"

"नको. तिथं रडारड असेल. आपली साधना बिघडेल."

"खरंय. मृत्यू मिथ्या आहे," चष्मेवाले म्हणाले. "तेवढा तो पंखा वाढवा हो. या खुर्चीवर वारा चांगला लागतो."

डॉक्टरांनी दार ढकललं. "मी जिवंत आहे!"

चष्मेवाले खुर्चीतून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. मग सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मी म्हणजे कोण, डॉक्टर?"

"मी म्हणजे मी! हा! हा देह! हा सुजलेला अंगठा! आणि ती खुर्ची माझी आहे, उठा आधी!"

"पण शोक करू नये, हे तुम्हीच शिकवलंत ना?" न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं.

"म्हणून काय अजिबात करायचा नाही? थोडा तरी? एकाच्याही डोळ्यांत टिपूस नाही!"

तेवढ्यात मागच्या रांगेतून हुंदका आला. एक शिक्षिकाबाई पदरात तोंड लपवून हमसून हमसून रडत होत्या. डॉक्टरांचा राग विरघळला. लंगडत ते तिथवर गेले.

"पुरे बाई, पुरे. आलोय ना मी परत? निदान तुम्हाला तरी..."

"त्याचंच रडू येतंय हो," नाक पुसत बाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी आपण बोलायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं आत्ताच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा!"