पिवळ्या पानांवर पाय नको

चीनमधल्या शिआन या जुन्या शहरात, तटाजवळच्या बागेत, केदारीभाऊ पाय कुठे टाकावा ते शोधत चालले होते. शरद संपत आला होता. गिंकोच्या झाडांची पिवळी पानं जमिनीभर पसरली होती आणि त्यांच्यावर पाय द्यायला हा माणूस तयार नव्हता. सहलीला आलेला आमचा ज्येष्ठ नागरिक संघ दरवाज्यापाशी पोचला, तरी हे आपले नुकत्याच सारवलेल्या अंगणातून जावं तसे कडेकडेनं. मी हाक मारली तर म्हणाले, "थांबा अण्णा. आपुन पाव्हणं हाय हितं."

असं का, ते लोणावळ्यात त्यांचं घर पाहिलं की कळतं. धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागूनच आहे. पावसाळ्यात दर रविवारी त्यांच्या अंगणात परक्यांच्या गाड्या लागतात. कुणी कुंपणावर ओले कपडे वाळत घालतं, कुणी नळाखाली पाय धुतं. एकदा एका कुटुंबानं त्यांच्याच ओट्यावर डबे उघडले आणि त्यांनाच विचारलं, तुम्हाला काय हवंय?

त्यामुळे पर्यटक व्हायची वेळ स्वतःवर आली तेव्हा त्यांनी ती फार मनावर घेतली. चिक्कीचे कागद खिशात. बागेत बोलायचं ते कुजबुजून. कुणी चिनी माणूस फोटोसाठी मोबाइल काढताना दिसला की हे बाजूला. इतके बाजूला, की सहलीच्या एकाही ग्रुप फोटोत ते नाहीत.

पुढचं आमच्या कट्ट्यावर सगळ्यांना पाठ आहे. केदारीभाऊ झाडलोट करणाऱ्या एका चिनी बाईपुढे हात जोडून उभे राहिले, मग झाडाच्याही पाया पडले, बस खोळंबली, गाइड चिडली. ही गोष्ट इतकी वर्षं मीच सांगत आलो, नकलेसकट. संघात नवा सभासद आला की केदारीभाऊंना फोन जायचा. ते यायचे, मी सांगायचो, लोक हसायचे, तेही हसायचे. 'चिनी भाऊ' हे नावही मीच ठेवलं.

मी गाळत आलो तो भाग असा. पानं गळतानाचा फोटो हवा म्हणून ते झाड मी हलवलं होतं. हलवून पुरेशी पडेनात, म्हणून बुंध्याला लाथही मारली. शेजारी पाटी होती. झाड हलवणाऱ्या माणसाचं चित्र आणि त्यावर लाल फुली, म्हणजे भाषेची अडचण होती असंही म्हणता येत नाही. ती बाई ओरडत आली तेव्हा मी बसच्या दिशेनं निघालो होतो. मागे राहिले केदारीभाऊ. "चुकलं, बाई. आमचाच मानूस हाय," असं ते तिला मराठीतून समजावत होते. तिला काय कळलं कोण जाणे, पण ती शांत झाली.

यंदा नवरात्रात त्यांच्याकडे गेलो. घरामागचा उतार सोनकीच्या फुलांनी पिवळा झाला होता. कट्ट्यावर आता खरं काय ते सांगून टाकतो, असं मी म्हटलं. त्यांना बरं वाटेल अशी माझी समजूत. ते घाबरलेच.

"नका सांगू, अण्णा. तेवढ्यासाठीच बोलावत्यात मला."

मी तरीही सांगितलं. कुणी हसलं नाही. एकानं गुडघ्याच्या ऑपरेशनचा विषय काढला आणि सगळे सुटल्यासारखे त्याच्यावर बोलू लागले. पुढे एक नवा सभासद आला, पण केदारीभाऊंना फोन करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी केला.

"कोन आलंय?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. या, बसू जरा."

"मंग ती चीनची गोष्ट?"

"ती नाही सांगायची आता."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांबा मंग. दाढी करून येतो."