बापूरावांनी वाढवून दिलेली तारीख

देवाला नावानं पुकारून साक्षीला उभं करणारा माणूस मी सोलापुरात एकच पाहिला. आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे बापूराव दिवाणी कोर्टात कारकून होते. रोज सकाळी सोवळं नेसून ते पोथी उघडत. ओवी संपली की चष्म्यावरून देवाच्या तसबिरीकडे पाहत विचारत, "हे विधान आपलंच ना? मग नोंद घेतो." भक्ताला अंतर देणार नाही, अशा अर्थाची ओवी आली की समासात शिसपेन्सिलीनं बारीक फुली मारत. पुढं कुणाला बदलता येऊ नये म्हणून.

मी शाळामास्तर. माझा देवावर फारसा विश्वास नाही. देवाच्या वतीनं बोलणाऱ्यांवर तर मुळीच नाही. एकदा गावात एक थोर बुवा आले. पुढं सनई, मागं छत्री धरायला शिष्य. प्रवचनात म्हणाले, "देव भक्ताची परीक्षा पाहतो."

बापूराव उठून उभे राहिले. "महाराज, निकाल कधी लागतो?"

लोक हसले, बुवा रागावले. बापूराव मात्र तसेच उभे. त्यांना उत्तर खरंच हवं होतं. घरी त्यांच्या पत्नी, माईवहिनी, दोन महिने अंथरुणाला खिळून होत्या. मूलबाळ नव्हतं. दोघांना दोघंच.

डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा बापूरावांनी पोथीचा सप्ताह धरला. सात दिवसांत सगळी पोथी वाचून पुरी करायची. शेवटच्या अध्यायात फळ सांगितलेलं होतं : ऐकणाऱ्याचं दुखणं जाईल. सहा दिवस बापूराव असे वाचत सुटले, की श्वास कधी घेतात ते भिंतीपलीकडून मला कळेना.

सातव्या दिवशी आवाज आलाच नाही. गेलो, तर शेवटचा अध्याय समोर उघडा आणि बापूराव मुकाट.

आतून वहिनी क्षीण आवाजात म्हणाल्या, "अहो, वाचा की. थांबलात का?"

"घसा बसलाय. उद्या वाचतो."

घसा ठणठणीत होता. मला ओसरीवर ओढत नेऊन ते कुजबुजले, "मास्तर, सकाळी डॉक्टर येऊन गेला. आज-उद्याचं आहे म्हणतो. मी अध्याय संपवला आणि ही गेली, तर तो खोटा पडेल. संपवलाच नाही, तर त्याला अजून वेळ आहे. मी तारीख वाढवून दिलीय."

"देवाला?"

"मग काय डॉक्टरला?"

तारीख रोज वाढत गेली. रोज वहिनी विचारायच्या, रोज घसा बसलेला असायचा. एकदा त्या मलाच म्हणाल्या, "भावजी, ह्यांना जरा काढा करून द्या हो कुणीतरी. माझ्यापायी लई वाचलं, घसा गेला."

पाचव्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

सुतकात पोथीला हात लावता येत नाही. तेरावं झाल्यावर भेटायला गेलो, तेव्हा बापूराव ती मांडीवर घेऊन बसले होते. पेन्सिल कुठं दिसली नाही.

"त्यानं शब्द मोडला नाही, मास्तर," ते म्हणाले. "वाचन पुरं केलं असतं तर त्यानं वाचवलं असतं तिला. ती रोज वाचा म्हणत होती. मीच भ्यालो. विश्वास माझा कमी पडला."

मला मुद्दे सुचत होते. मुद्दे मला नेहमीच सुचतात. पण तुमची चूक नाही म्हणावं, तर त्यांच्याजवळ उरलेला एकुलता सोबती, देवच, गुन्हेगार ठरत होता. आणि तुमचीच चूक, हे तर तोंडातून निघणं शक्यच नव्हतं. मी सतरंजीचे दोरे उपसत बसलो.

"चहा घ्या," म्हणत ते आत गेले. डबे उघडल्या-झाकल्याचे आवाज बराच वेळ येत राहिले. मग ते रिकाम्या हातांनी दारात येऊन उभे राहिले.

"मास्तर, ती साखर कशात ठेवायची, तुम्हाला ठाऊक आहे का?"