तीन दिवस पनवेलला

वर्षापूर्वी एका मंगळवारी सकाळी शेजारचे राजदूत गेले.

त्यांना नाव होतं, पण रोह्याला लागून असलेल्या आमच्या अष्टमी गावात ते कोणी वापरत नसे. परराष्ट्र खात्यात चाळीस वर्षं काढून ते माझ्या शेजारी राहायला आले, तेव्हा आठवड्याभरात माझ्या कुंपणाच्या गजात एक लिफाफा दिसला. ‘अष्टमी येथील शेजारी आपल्या शेजाऱ्यांस सादर नमस्कार करून कळवू इच्छितो की, आपल्या शेवग्याची एक फांदी सीमेच्या अलीकडे आली आहे.’

मी कुंपणावरून विचारलं, “तोडू का?”

“तोडण्याची मागणी नाही, ग्रंथपाल. फक्त नोंद घ्यावी.”

मी रोह्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. ते माणसाला पदानेच हाक मारत. फांदी तशीच राहिली आणि तिच्या शेंगा त्यांच्या आमटीत जात राहिल्या.

थेट नकार ते कुणालाच देत नसत. मासे घेऊन येणारी जनाबाई पाटी उतरवायची आणि हे म्हणायचे, “बाई, आपला प्रस्ताव स्वागतार्ह आहे.”

“म्हंजे घेणार हाय का नाय, ते बोला! माझी कोलंबी काय तुमच्या मीटिंगसाठी थांबत नाय.”

बहुतेक वेळा ते घेत.

रोह्याच्या ग्रामदैवताची पालखी निघते तेव्हा पोलीस बंदुका घेऊन देवाला सलामी देतात. आम्हाला त्यात नवल वाटत नाही. राजदूत मात्र त्या पहाटे बंद गळ्याचा कोट घालून घामाघूम उभे राहत. “देवाला राष्ट्रप्रमुखाचा दर्जा देणारं गाव मी दुसरं पाहिलं नाही,” म्हणत. मग माझ्या कानाशी वाकून, “डावीकडून तिसऱ्याची बंदूक तिरकी आहे.”

लग्न त्यांनी केलं नव्हतं. सख्खं असं एकच माणूस उरलं होतं, धाकटा भाऊ रघू. त्याचा पेणला गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. आई तिथेच, रघूकडे वारली. त्या आठवड्यात राजदूत लढाई पेटलेल्या एका देशातून आपली माणसं बाहेर काढत होते. ते आले नाहीत. तेव्हापासून भाऊ बोलत नव्हता.

गावातली भांडणं ते चहाच्या एका कपात मिटवत, पण रघूला पत्र काही लिहून होत नव्हतं. मसुदे घेऊन ते माझ्याकडे येत.

“‘खेद’ लिहू की ‘तीव्र खेद’?”

“‘चुकलो’ लिहा.”

ते दचकले. “असं आम्ही चाळीस वर्षांत कुणाला लिहिलं नाही.”

“अहो, भावाला लिहिताय. शेजारच्या देशाला नाही.”

“शेजारचा देश सोपा असतो,” ते म्हणाले.

शेवटी एका श्रावणात मीच त्यांना एसटीत बसवलं. पेणच्या अलीकडचं गडब आलं तसे ते उठले. “उतरू या. आपली भूमिका अजून निश्चित नाही.” मी खिडकीशी त्यांना अडकवून बसलो.

कारखान्यात रघू मूर्तीचे डोळे आखत होता. त्या वेळी तिथे कोणी बोलत नाही. हात हलला तर मूर्ती गेली. त्याने आम्हाला पाहिलं आणि पुन्हा कुंचला टेकवला. राजदूत मागे हात बांधून उभे राहिले. खिशात लिहून आणलेलं निवेदन होतं. दोन्ही डोळे पुरे झाले, तेव्हा रघू मान वर न करता बोलला.

“आई सारखी विचारायची, दादा कुठं हाय. तुझ्या त्या देशाचं नाव मला धड घेता येत नव्हतं. म्हटलं, पनवेलपर्यंत आलाय. तीन दिवस तू पनवेललाच होतास, दादा.”

राजदूतांचं निवेदन खिशातच राहिलं. त्यांनी कोट काढून खुंटीला लावला, कोपऱ्यातला पॉलिश पेपर उचलला आणि जमिनीवर मांडी घातली.

जवळची न रंगवलेली मूर्ती ते घासू लागले. मग रघू म्हणाला, “पाठीवरनं घास. तोंडाला हात लावू नको.”

त्यानंतर दर आठवड्याला ते पेणला जात आणि पांढऱ्या धुळीने माखून परत येत. एकदा फाटकातूनच ओरडले, “ग्रंथपाल! रघूने आज मला सोंडेवर बढती दिली!” तीन देशांत राजदूत झालेल्या माणसाला इतकं खूश झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्या मंगळवारी मी रघूला फोन केला. हाताचा रंगही न धुता तो निघाला होता. अग्नी त्यानेच दिला. कुंडलिका नदीच्या काठावर उभा राहून मला म्हणाला, “मी वेळेवर आलो ना?”

मी म्हटलं, “आलात.”

आता रघू महिन्यातून एकदा येतो. शेजारच्या घराच्या खिडक्या उघडतो, झाडलोट करतो, माझ्याकडे जेवतो आणि चारच्या एसटीने पेणला जातो.