दंडावरचा रुमाल

शनिवारी सांजावताना डेप्युटी लेम्युएलने कोठडीला कुलूप घातलं, मिशीला पीळ दिला आणि किल्ली कुलपातच विसरून तो नाचाला पळाला. महिनाभर त्याच्या डोळ्यांपुढे एकच निळा झगा वाऱ्यावर झुलत होता. झगा कॉर्डेलियाचा, आणि कॉर्डेलिया शेरीफ एझ्राची धाकटी बहीण. शेरीफने गावाला बजावून ठेवलं होतं, "माझ्या बहिणीकडे जो बघेल, तो या गावात पुन्हा दिसायचा नाही." म्हणजे कळलं तर डेप्युटीचा बिल्लाही गेला आणि कॉर्डेलियाही.

कोठारात फिडल रंगात आलं होतं. गावात गडी उदंड आणि बाया चार, म्हणून नेहमीसारखे काही गडी दंडाला रुमाल बांधून बाया झाले होते. रुमाल बांधला की ती बाई. तिला हसायचं नाही, ओढायचं नाही, अदबीने नाच मागायचा.

शेरीफ अशाच एका रुमालवालीला गरगर फिरवत होता. तिने मान वळवली आणि लेम्युएलचं रक्तच गोठलं. तो कोठडीतला घोडेचोर गँट होता, लेम्युएलच्याच वस्तऱ्याने दाढी उतरवलेला.

ओरडावं, तर पहारा सोडून इथं कुणासाठी आलो, ते सांगावं लागणार. तो कमरेत वाकला. "बाईसाहेब, हा नाच माझ्याबरोबर?"

"नंतर ये रे," शेरीफ म्हणाला. "ह्यांची पावलं कशी फुलासारखी पडतायत बघ."

"येते हं, शेरीफसाहेब," गँट लाजून म्हणाला.

लेम्युएलने त्याला नाचवत नाचवत दाराबाहेर काढलं, रस्ता ओलांडला, थेट कोठडीपर्यंत नेलं. तेवढ्यात मागून निळा झगा सळसळला.

"महिनाभर माझ्यासाठी झुरतोस," कॉर्डेलिया म्हणाली, "आणि नाचतोस ह्या मेल्याबरोबर?"

तिच्या मागे शेरीफ उभा होता. त्याने बहिणीकडे पाहिलं, डेप्युटीकडे पाहिलं, मग कंदील उचलून रुमालवालीच्या तोंडाजवळ नेला.

"हा... गँट?"

"होय साहेब," लेम्युएल म्हणाला.

"मी गँटबरोबर नाचलो?"

"कंबर नाजूक आहे म्हणालात," गँट पुटपुटला.

शेरीफ मटकन पायरीवर बसला. "गावाला कळलं तर?"

"घरातली माणसं घरातलं बाहेर बोलत नाहीत, दादा," कॉर्डेलिया शांतपणे म्हणाली. "लेम्युएल घरातला झाला, की तोही नाही बोलणार."

मग शेरीफने खोल गेलेल्या आवाजात विचारलं, "लग्न कधी?"

लेम्युएल हबकला. लग्नाचा शब्द त्याने अजून काढलाच नव्हता.

"येत्या रविवारी," कॉर्डेलिया म्हणाली.

"आणि ह्या चोराचं तोंड कसं बंद करायचं?"

"त्याला करवली करू."

गँट मुकाट कोठडीत गेला आणि त्याने दार आतून ओढून घेतलं.